बत्तीस फेऱ्यांवरचा रस्ता

हेमराजभाऊंना किलोमीटर कळत नव्हते असं नाही, पण पटत नव्हते. एकतीस वर्षं मध्य प्रदेशातलं सौंसर ते नागपूर अशी बस चालवलेल्या माणसाचं मोजमाप वेगळं असतं. सौंसरच्या स्टँडवरून गाडी काढली आणि नागपूरच्या स्टँडवर सवारी उतरवली की झाली एक फेरी, पासष्ट किलोमीटरची. मग सगळं जग त्याच मापात. पचमढी तीन फेऱ्या, शेगाव साडेपाच. बायकोचं, म्हणजे विजयाबाईंचं माहेर पांढुर्ण्याला; ती तर जेमतेम अर्धी फेरी. त्यामुळे "मी माहेरी चालले" असं तोऱ्यात म्हणण्याची सोय त्या बिचारीला लग्नापासूनच राहिली नव्हती.

तर हे हेमराजभाऊ नवरात्राच्या दुसऱ्या माळेला कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर पेन्सिलीने आकडे मांडत बसले होते. शेजारी त्यांचे जुने कंडक्टर नत्थूजी. रामाकोना गावचे हे नत्थूजी नोकरी सुटून सहा वर्षं झाली तरी कानावर पेन खोचल्याशिवाय घराबाहेर पडत नसत.

"बत्तीस," हेमराजभाऊ म्हणाले. "सौंसरहून दामिनीच्या रस्त्यापावतर बरोबर बत्तीस फेऱ्या."

"रोजच्या चार," नत्थूजींनी लगेच हिशेब केला. "आठव्या दिवशी गाडी स्टँडले लागली म्हणून समज."

त्या रस्त्याला ना स्टँड होतं ना बसथांबा. काश्मीरच्या पलीकडे, मोठा घाट ओलांडून गेलं की उघड्या डोंगराच्या कुशीतून तीन गावांना जोडणारा तो अकरा किलोमीटरचा रस्ता होता, आणि तो हेमराजभाऊंच्या एकुलत्या एक मुलीने, दामिनीने बांधला होता. म्हणजे दगड तिने फोडले नव्हते, पण कामावरची इंजिनिअर ती होती. तिकडे वर्षातून पाचच महिने काम चालतं, बाकीचे दिवस बर्फाचे. असे तीन उन्हाळे तिने पत्र्याच्या खोलीत काढले होते. पंचवीस ऑक्टोबरला रस्ता सोपवायचा होता आणि सव्वीसला ती सामान बांधून दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या कामावर जाणार होती. त्यानंतर बर्फ कधी पडेल आणि घाट कधी बंद होईल, याचा भरवसा तिथल्या लोकांनाही नसतो.

"बाबा, पंचवीसच्या आत या," ती फोनवर म्हणाली होती. "नागपूरहून विमानानं दिल्ली, दिल्लीहून श्रीनगर. तिथून मी गाडी पाठवते."

"इमानातून रस्ता दिसते काय?" हेमराजभाऊंनी विचारलं होतं. "तू रस्ता पाहाले बोलावून राहिली ना? मंग मी रस्त्यानंच येईन."

दामिनी हसली होती, पण शेवटी म्हणाली होती, "या. पण पंचवीसच्या आत या बाबा. मी सोपवल्यावर तो माहा नाही राहत."

हे वाक्य हेमराजभाऊंनी घराबाहेर कोणाला सांगितलं नाही. मुलीबद्दल बाहेर बोलायची त्यांना सवयच नव्हती. कोणी विचारलं तर "आहे तिकडे कामाले" एवढं म्हणून ते गिअर बदलल्यासारखा विषय बदलत. आतून मात्र अशी छाती फुगलेली असायची की सदऱ्याची वरची गुंडी लागू नये. दसरा झाला की चौदा तारखेला निघायचं, एकविसाला पोचायचं, हाती चार दिवस राखून ठेवायचे, असं त्यांनी ठरवलं. सात सीटांच्या जुन्या बोलेरोचे टायर बदलले, बॅटरी नवी टाकली, जाड रजया उन्हात घातल्या. विजयाबाईंनी लोकरीचे मोजे विणायला घेतले. हेमराजभाऊंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, म्हणून अंधारात गाडी चालवायची नाही, हे त्यांनी नवऱ्याकडून देवासमोर वदवून घेतलं.

सगळं अगदी रांगेला लागलं होतं. पण नत्थूजींना चहा प्यायला स्टँडवर जायची सवय होती, आणि चहा पिताना तोंड मिटून बसायची नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या या लायनीवर ड्रायव्हर म्हणजे नुसता ड्रायव्हर नसतो. नागपूरला शिकणाऱ्या पोरांचे डबे, एखाद्या लेकीचं शिवून आलेलं ब्लाउज, म्हाताऱ्या आत्याचं औषध, हे सगळं सकाळच्या गाडीने ड्रायव्हरच्या हाती जातं. चिठ्ठी नाही, पावती नाही. हेमराजभाऊंनी एकतीस वर्षांत एक डबा हरवला नव्हता की सांडला नव्हता. एकदा एका पोराचा डबा घ्यायला कोणी आलं नाही, तर तोच डबा संध्याकाळी परत आणून त्यांनी पोराच्या आईला दिला आणि "एकदा पाहून या, डबा न घेणारं पोरगं नाही ते" असं बजावलं. पोरगं खोलीवर तापाने फणफणलेलं निघालं. तेव्हापासून सौंसरात त्यांचा शब्द म्हणजे शब्द होता, आणि "नाही" हा शब्द त्यात नव्हता.

नत्थूजींनी चहाच्या कपासरशी सांगून टाकलं की हेमराज भोपाळ, ग्वाल्हेर, दिल्ली, अंबाला, जम्मू असा पार वरपर्यंत चालला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पहिली पिशवी आली. शालिकरामभाऊंची मुलगी तृप्ती भोपाळला शिकत होती, तिच्यासाठी चिवडा होता. भोपाळ तर वाटेवरच! हेमराजभाऊंनी पिशवी घेतली. मग दिल्लीला परीक्षेची तयारी करणाऱ्या दोघांचे डबे आले. मग अंबाल्याच्या छावणीतल्या जवानासाठी तिळाचे लाडू आले. पांढुर्ण्याहून सुरेश मास्तर स्वतः स्कूटरवर येऊन, पोरगा जम्मूला बँकेत आहे म्हणून, बागेतली अजून हिरवट असलेली संत्री एक पोतं ठेवून गेले.

"पोचेपर्यंत पिकतील," मास्तर म्हणाले.

"पोचेपर्यंत आम्ही पिकून जाऊ," विजयाबाई आतून म्हणाल्या, पण हळू.

नत्थूजींनी यादी धरली. कंडक्टरच्या अक्षरात नाव, गाव, जिन्नस, कोणी दिलं. यादी एका पानावरून दुसऱ्या पानावर गेली तशी त्यांच्या अंगात जुना उत्साह संचारला. हेमराजभाऊंनाही बरं वाटत होतं. घरी बसलेल्या माणसाला गावाने पुन्हा ड्यूटीवर घेतलं होतं, आणि हा मान काही वाईट नव्हता.

तेरा तारखेला शालिकरामभाऊंची बायको आली. "भाऊजी, दोन दिवस थांबता काय? अनारशाचं पीठ आताच भिजवलं. तृप्तीले दिवाळीत अनारसे नाही भेटले तं ते रडते."

"थांबू," हेमराजभाऊ म्हणाले. "दोन दिवसानं काय होते?"

मग दुसरी एकजण म्हणाली, करंज्या राहिल्या. अंबाल्याच्या जवानाची आई विणत होती त्या स्वेटरला अजून एकच बाही होती. चौदाचे सोळा झाले, सोळाचे सतरा झाले. हेमराजभाऊ दर वेळी "चार दिवस राखीव आहेत ना" असं म्हणत आणि राखीव दिवस खिशातल्या सुट्या पैशांसारखे वाटत सुटले.

पंधरा तारखेच्या दुपारी जेवण झाल्यावर विजयाबाई समोरच्या खोलीत आल्या, तर त्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. एकेचाळीस नग होते. डबे, पिशव्या, पोतं, एक पितळी समई, एक शिलाई मशीनसुद्धा होतं, ते कोणाचं आणि का, हे विचारायची आता हिंमत नव्हती. नत्थूजी सोफ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात यादी घेऊन बसले होते आणि हेमराजभाऊ कोणता नग आधी उतरेल, म्हणजे शेवटी चढवायचा, याचा विचार करत उभे होते.

"यादी द्या जरा," विजयाबाई म्हणाल्या.

त्यांनी ती उभ्यानेच वाचली. पहिलं पान, दुसरं पान, तिसरं पान. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"यात दामिनीचा डबा कुठी आहे?"

हेमराजभाऊ हसले. "तिचा कायले लिहा लागते? आपणच तं तिच्याकडे जाऊन राहिलो."

"कवा?"

"आठ दिवसांत."

"हे गाडीचे आठ दिवस. भोपाळात तृप्तीचं होस्टेल शोधाल, दिल्लीत पोरांच्या खोल्या, अंबाल्यात छावणीच्या गेटावर बसाल, जम्मूत मास्तरच्या पोराची बँक सुटायची वाट पाहाल. मोजा. तुमच्याच फेऱ्यांनी मोजा."

हेमराजभाऊंनी बोटं धरली. सतराला निघायचं. आठ दिवस गाडीचे, म्हणजे चोवीसची संध्याकाळ. त्यात चार दिवस डब्यांचे. त्यांची बोटं अठ्ठावीसवर थांबली. त्यांनी पुन्हा मोजलं आणि पुन्हा अठ्ठावीसच आले. रस्ते मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची ही चूक होती, आणि चूक अशी की त्यांनी थांबे मोजलेच नव्हते. नागपूरच्या फेरीत थांबे मोजायची गरज पडत नसे, तिथे पोरंच स्टँडवर यायची.

नत्थूजींनी कानावरचं पेन काढून खिशात ठेवलं. ही त्यांची उठून जाण्याची तयारी असे, पण विजयाबाईंनी त्यांना बसायला सांगितलं.

"बसा भाऊजी. तुमीही आयका. तुमी तं पाहिलंच आहे." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "दामिनी चार वर्षं नागपूरले होती. मी रोज सकाळी डबा देत होती. तुमी रोज नेत होते. आणि पोरगी स्टँडवर येऊन लायनीत उभी राहत होती. तुमी सगळ्या पोरांचे डबे वाटत होते आणि तिचा सगळ्याच्या शेवटी देत होते. रोज. पावसात, उन्हात. तिनं कधी मले सांगतलं नाही. मले त्या शालिकरामच्या मोठ्या पोरानं सांगतलं."

नत्थूजींनी मान डोलावली.

"आपल्याच पोरीले पहिले देला असता," हेमराजभाऊ हळू म्हणाले, "तं लोक काय म्हणले असते? म्हणले असते, ड्रायव्हरची पोरगी आहे म्हणून..."

"काही म्हणले नसते. लोकायलेही पोरी असतात." विजयाबाईंनी यादी त्यांच्या हातात दिली. "तवाही ते शेवटी होती, आणि आता तं यादीतच नाही. पंचवीसनंतर तो रस्ता तिचा नाही राहत. तुमी अठ्ठावीसले कोणाचा रस्ता पाहाले जाऊन राहिले?"

हेमराजभाऊंना वाईट वाटलं, आणि फार वाटलं. एकतीस वर्षं ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला, तिच्या खाली आपलीच मुलगी डबा मिळायची वाट पाहत उभी होती, हे त्यांना आज दिसलं. तिने एकदाही "बाबा, मले क्लासले उशीर होते" असं म्हटलं नव्हतं. त्यांनी पायात चपला घातल्या.

"नत्थूजी, यादी घ्या. चला."

"कुठी?"

"नग परत करू. सगळे."

नत्थूजींच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जणू कोणी त्यांना भरली बस स्टँडवर सोडून घरी जायला सांगतंय. पण त्यांनी यादी उचलली. गाडीत सामान भरलं, ते उत्तरेला न्यायला नाही, तर याच गावात घरोघर फिरवायला.

पहिलं घर शालिकरामभाऊंचं. हेमराजभाऊ दारात उभे राहिले. "नाही" म्हणायची जीभच तयार नव्हती.

"अनारसे उद्या होतात भाऊजी," आतून आवाज आला.

"वहिनी, मी नाही नेत," हेमराजभाऊ म्हणाले. "मले थांबता येत नाही. पंचवीसच्या आत पोचा लागते."

"असं काय काम आहे बाप्पा तिकडे?"

आता विषय बदलायला गिअर नव्हता. "माह्या पोरीनं रस्ता बांधला," ते म्हणाले. "पंचवीसले तो सोपवते. त्याच्या पहिले मले त्याच्यावरून गाडी न्यायची आहे."

शालिकरामभाऊ खुर्चीतून उठून बाहेर आले. "दामिनीनं? रस्ता? आणि हे तुम्ही आता सांगून राहिले? आम्हाले वाटलं, ते तिकडे हापिसात लिहायचं काम करते!" मग बायकोकडे वळून म्हणाले, "पिशवी घे वापस. अनारसे कुरिअरनं जातील. पोरीचा रस्ता कुरिअरनं येत नाही."

दुसऱ्या घरी हेमराजभाऊंना तेवढं अवघड गेलं नाही. तिसऱ्या घरी त्यांनी अकरा किलोमीटर आहे हेही सांगितलं. पाचव्या घरी पाचच महिने काम चालतं आणि बाकीचे दिवस डांबर गरमच राहत नाही, हे सांगून झालं. दहाव्या घरापर्यंत ते हाताने डोंगराचा उतार दाखवून पाणी रस्त्याखालून कसं काढलं आहे ते समजावू लागले. वास्तविक त्यांनी ते मोबाइलवरच्या एका फोटोतच पाहिलं होतं. तीन वर्षांचं साठलेलं बोलणं एका दुपारी सौंसरभर सांडलं. नत्थूजी मागून "आणि तेही बाईमाणूस, एकटी, पत्र्याच्या खोलीत!" अशी पुस्ती जोडत होते.

सगळेच काही शालिकरामभाऊ नव्हते. एका घरी दार जरा जोरात लागलं. जवानाच्या आईचे डोळे भरून आले, तेव्हा हेमराजभाऊंचा पाय अडला. पण तीच म्हणाली, "जा भाऊ. माह्या पोराच्या गाड्या अशाच रस्त्यायवरून जातात. बांधणारीले माहा आशीर्वाद सांगजा." सुरेश मास्तरांचं पोतं द्यायला पांढुर्ण्याला जावं लागलं. अर्धी फेरी जायला, अर्धी यायला. मास्तर आधी रुसले, मग सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मी शिकवली तिले, गणितात कच्ची नव्हती ते. पोतं राहू द्या इथंच. पण चार संत्री खिशात टाका. तिले माहीत आहे, माह्या बागेतली आंबट निघतात."

सोळाच्या सकाळी ऊन दारात आलं तेव्हा बोलेरो उभी होती. मागची सीट जवळजवळ रिकामी होती. रजया, पाण्याची कॅन आणि एक स्टीलचा डबा, एवढंच. डब्यात भाजलेल्या कणकेचे लाडू होते, आणि विजयाबाईंनी त्यावर खडूने "दामिनी" असं लिहिलं होतं, जसं काही तो दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार होता. गल्लीत पंधरा-वीस माणसं निरोप द्यायला जमली होती. शालिकरामभाऊ हार घेऊन आले होते आणि तो माणसाला घालावा की गाडीला, हे ठरत नव्हतं.

हेमराजभाऊंनी फोन लावला. "दामिनी, निघून राहिलो. तेवीसच्या संध्याकाळी येतो. डबे परत केले सगळे."

"परत केले?" तिकडे वारा जोरात वाहत होता. "बाबा, तुमी? कोणाचा डबा परत केला?"

"सगळ्यायचा. गाडीत फक्त तुहा आहे." त्यांची नजर मागच्या सीटवरच्या डब्याकडे गेली. "पहिलेच द्याले पाहिजे होता, बाई."

ती म्हणाली, "बाबा, मले शेवटी डबा भेटत होता ना, तं मले लय वेळ तुमाले पाहता येत होतं. सगळी पोरं म्हणायची, हेमराजभाऊ आले. मी म्हणत होती, माहे बाबा आले."

हेमराजभाऊंनी गल्लीकडे पाठ केली.

"आणि आयका," दामिनीचा आवाज आता कामावरचा झाला. "गाडीचा नंबर सांगा."

"काऊन?"

"पंचवीसले मोठे साहेब येतात, फीत कापतात. पण त्याच्या पहिले चोवीसच्या सकाळी एक गाडी पुऱ्या अकरा किलोमीटरवरून चालवून पाहा लागते. गेटवर तिचा नंबर लिहून द्या लागते. साहेबानं विचारलं, कोणती गाडी आहे. मी म्हटलं, एक जुना ड्रायव्हर येऊन राहिला, एकतीस वर्षांचा. रस्ता चांगला आहे का नाही, हे त्याच्याइतकं कोणाले नाही कळत. सांगा, लिहून घेते. तुमचीच पहिली गाडी आहे, बाबा."

नंबर हेमराजभाऊंना झोपेतही पाठ होता. पण त्यांनी तोंड उघडलं आणि एक आकडा बाहेर पडेना. त्यांनी फोन विजयाबाईंच्या हाती दिला आणि डोळे पुसत गाडीच्या पलीकडे गेले.

विजयाबाई गाडीच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला आणि नंबरच्या पाटीवरून नजर न हलवता, गल्लीतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात एकेक अक्षर सांगायला सुरुवात केली.

"लिही बाई. एमपी अठ्ठावीस..."